स्टेशनाचा एकुलता एक फोटो

माणसानं वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पुठ्ठ्याचं रेल्वे स्टेशन बांधायला घेऊ नये. घेतलंच, तर सख्ख्या भावाशी बोलणं चालू असताना घ्यावं.

कराडात माझं भांड्यांचं दुकान आहे. रस्त्याकडेला दोन डझन ताटल्या मांडून सुरुवात केली, आज दोन मजले आहेत; कुणाचे उपकार नाहीत. पण दुकान मुलाकडे दिल्यावर मी नुसता बसून गिऱ्हाइकांशी भांडायला लागलो. (घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला संताप येतो. ती कला माझी आहे!) शेवटी मुलानं एक खेळण्यातली आगगाडी आणून दिली. "अण्णा, घरी बसा आणि हिच्याशी भांडा."

गाडी गोल गोल फिरायची. थांबायला जागाच नव्हती. तेव्हा मला आमचं स्टेशन आठवलं. कराडच्या पुढचं, काळ्या दगडाचं, दिवसातून चार गाड्या थांबणारं. आमचे वडील, आबा, तिथं पोर्टर होते आणि मागच्या खोलीत मी आणि धाकटा सदा लहानाचे मोठे झालो. हिरवा झेंडा काखेत धरून चहा पिणारे आबा अजून डोळ्यांसमोर दिसतात. पण कात्री हातात घेतली आणि घाम फुटला. कमानी तीन होत्या की चार? बाकडं तिकिटाच्या खिडकीच्या डावीकडं की उजवीकडं? ज्या भिंतीला टेकून बालपण गेलं, तिचं तोंड आठवेना!

बघून यावं म्हटलं, तर दुसऱ्या रुळाच्या कामात जुनी इमारत पाडलेली. त्या जागी गुलाबी रंगाचं काहीतरी उभं. तिथल्या तरुण कर्मचाऱ्याला विचारलं, "जुन्या स्टेशनाचा फोटो हाय का?"

"जुनं कंचं, काका? आमी आलो तवापासनं ह्येच हाय."

मग डोकं चालवलं. शेजारच्या गावात घरटी एक माणूस मिलिटरीत. सुट्टी संपली की अख्खी भावकी त्याला स्टेशनवर सोडायला यायची आणि हमखास फोटो निघायचा. दारोदार फिरलो. एकोणीस फोटो मिळाले! एकाही फोटोत स्टेशन नाही. हार, फेटे, आत्या, मावश्या. एका मामाच्या खांद्यावरून अर्धी कमान डोकावते, एका वहिनीच्या पदराआड खिडकीचा कोपरा.

"आवं आजी, ह्ये समोरचं जाडं कोण?" मी एका घरी चिडून विचारलं.

"आमचं व्याही."

"सगळं स्टेशन झाकलंय की त्यांनी!"

"मग? माझा ल्योक काश्मीरला निघालावता. आमी काय स्टेशनाचा फोटू काढाय गेलतो व्हय?"

मी फोटोतल्या व्याह्यांची माफी मागितली. (असं क्वचित होतं.)

घरी येऊन आदळआपट केली. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "आवं, भावजींकडं हाय की एक."

"नाव काढू नगंस त्याचं!"

याचं कारण सांगायला हवं. आबा गेल्यावर आम्हा भावांची वाटणी झाली. म्हणजे मी बोलत होतो आणि सदा ऐकत होता. तांब्याचा बंब, पितळी हंडे, पलंग, सगळं मी घासाघीस करून माझ्याकडे घेतलं. त्याला एक गंजकी ट्रंक दिली आणि वर मोठेपणानं म्हणालो, "घे, तू म्हणून देतो." त्या ट्रंकेत आमचा स्टेशनावरचा एकुलता एक फोटो होता! आठ दिवसांनी ध्यानात आलं. मागायला गेलो, तर सदा म्हणाला, "वाटणी झाली, दादा." बास! अकरा वर्षं मी साऱ्या पाहुण्यांत सांगत आलो, की धाकट्यानं मला फसवलं. लग्नकार्यात तो मांडवाच्या या टोकाला, तर मी त्या टोकाला. थंडीत बंब पेटवला की शेजारी शेकायला दुसरं कुणी नसायचं, पण ते कुणाला सांगणार?

शेवटी सदाकडं जायला सांगलीची एस.टी. पकडली. मांडीवर अर्धवट स्टेशन. वाटेत सौदा पाठ करत होतो: आधी एक हंडा देऊ करायचा, अडला तर दोन, फारच अडला तर बंब. तेवढ्यात ब्रेक लागला आणि शेजारच्या पाव्हण्यानं आधाराला म्हणून माझं छप्पर धरलं. ते त्याच्या हातातच राहिलं.

सदानं दार उघडलं. केस पार पांढरे. क्षणभर वाटलं, आबाच उभे आहेत.

"दादा? ह्ये काय, खुराडं आणलंस?"

"स्टेशन हाय, गाढवा!" (अकरा वर्षांनंतरचं माझं पहिलं वाक्य.)

त्यानं वाकून बघितलं. "बाकडं चुकलंय. उजवीकडं होतं."

"डावीकडं!"

"आरं, उजवीकडं! त्याच्यावरनं पडून माझं दोन दात गेलं, मला म्हाईत न्हाई व्हय?"

"फोटो आण. आत्ता निकाल लागंल!"

फोटो आला. मऊ कापडात गुंडाळलेला. दोघांनी चष्मे लावले. एकाच ताग्यातले सदरे घातलेले आम्ही दोघं, फोटोभर. माझ्या खांद्यावर आबांचा हात. आबा फोटोच्या बाहेर. मागं चार बोटं भिंत. कमान नाही, खिडकी नाही, बाकडं नाही.

"स्टेशन कुठाय रं ह्यात?" सदा म्हणाला. मग त्यानं माझ्या खांद्यावरच्या त्या हातावर बोट ठेवलं. "आबांच्या अंगठ्याचं नख काळंच ऱ्हायलं बघ शेवटपतूर."

चहा झाला. मी उठलो, तर त्यानं फोटो पुढं केला. "घेऊन जा."

"बदल्यात काय पायजे?"

"काय न्हाई. ने की."

पाठ केलेला सगळा सौदा वाया! फुकट देणाऱ्याशी घासाघीस कशी करायची, हे मला कधी शिकावंच लागलं नव्हतं. आणि एकदम ध्यानात आलं: फोटो पिशवीत पडला, की माझं सांगलीतलं काम संपलं.

"नगं!" मी ओरडलोच. "हितंच ऱ्हाऊ दे. मी येऊन मापं घेत जाईन."

"कसली मापं? भिंत तर एवढीशी दिसती."

"लय बारीक काम असतं त्ये. तुला न्हाई कळायचं."

सदानं वाद घातला नाही. "रविवारी ये. घरीच असतो मी."

याला दोन महिने झाले. दर रविवारी मी फूटपट्टी घेऊन जातो, तीच चार बोटं भिंत मोजतो, बाकड्यावरून भांडतो आणि जेवून येतो. स्टेशन होतं तेवढंच आहे. भाव पाडण्यात कराडात माझा हात धरणारा कुणी नाही म्हणतात. असेलही. पण फुकट मिळणारा फोटो न घेता परत येण्यासाठी, अर्धं का होईना, तिकीट काढून जाणारा दुकानदारसुद्धा साऱ्या पेठेत मी एकटाच!