सबरीकाका लग्नाला गेलाय

सबरीकाकाला पुरून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारची उम्म शरीफ बिनसाखरेची कॉफी पीत बसली होती, आणि मधेच म्हणाली, "अगं फादिया, तुमच्या सबरीची चिकन-भाताची गाडी तर चालू आहे. सकाळी बसमधून बघितली मी. चांगला धूर निघत होता."

फादियाआत्याला आधी नीट ऐकूच आलं नाही. अ‍ॅस्टोरियातलं ते एवढंसं घर बायकांनी भरलेलं, मोबाइलवर कुराण लावलेलं. मग कळलं. चालू आहे म्हणजे काय? ज्याची गाडी तो तर न्यूजर्सीत मातीखाली.

इनासकाकू भिंतीला टेकून बसली होती, तिनं मान वर केली. "गेला कोपरा," एवढंच म्हणाली.

हॉस्पिटलसमोरचा तो कोपरा कुणाच्या नावावर नाही. रोज सकाळी जो तिथं गाडी लावतो त्याचा तो. चार दिवस जागा रिकामी दिसली की दुसरा येऊन उभा राहतो, मग कितीही बोंबला, काही उपयोग नाही. काकानं तो कोपरा बर्फात उभं राहून मिळवला, गिऱ्हाईक नाही काही नाही, नुसता भात गरम करत उभा. आणि मिळवला तो मिळवला, परत सोडलाच नाही. बाप गेला तरी मिसरात, गावी मन्सुराला गेला नाही. पोरगी झाली तर दुपारची गर्दी उरकून बघायला गेला. गावच्या प्रत्येक लग्नाला म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की. लोक म्हणायचे, सबरीचा निकाह इनासशी नाही, त्या कोपऱ्याशी लागलाय. कामाला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला तो उठलाच नाही. आजार नाही, ताप नाही. अजून खरं वाटत नाही कुणाला.

आता ती गाडी चालवणार होता इनासकाकूचा भाऊ हिशाम. त्याच्याकडे रस्त्यावर खाणं विकायचा परवाना आहे, पण तो टेक्सासात ट्रक चालवतो, तो येणार सोमवारी. तोवर कोपरा राहिला तर पोरांचं पोट चालणार. आणि इनासकाकूला इद्दत, तिला उंबऱ्याबाहेर पाय टाकता येत नाही.

आत्या उठली. अंगावर सुतकाचं काळं होतं तशीच. तिचा नवरा झगलूल म्हणाला, "थांब, मी पण येतो."

"तू कशाला? भांडण रंगात आलं की तू त्याच्याकडेच प्यायला पाणी मागशील. बस इथं, कॉफी दे लोकांना."

आत्या तिथं पोचली तर खरंच काकाची गाडी. तीच हिरवी छत्री. आत एक वाळका, सावळा माणूस, आणि त्यानं काकाचा एप्रन घातलेला! पण आत्या ओरडली नाही. म्हणाली मनात, आधी बघू तरी चोर कोण, मग गचांडी धरू. आणि गेली रांगेत उभी राहायला.

पुढं हॉस्पिटलचा जाडा वॉचमन होता. "बॉस कुठंय रे? आणि काल भात किती तिखट केलास! रात्रभर तुझी आठवण काढत होतो."

"बॉस गावाला गेलाय," तो वाळका म्हणाला. "पुतण्याचं लग्न आहे."

"सबरी? सुट्टीवर? काय सांगतोस काय!"

"हो ना. रोज फोन येतो त्याचा. नाचतोय म्हणे तिकडं."

आत्या सांगते, मला खोटं वाटलंच नाही गं. एवढासा वेळ, पापणी लवते ना तेवढा, तिला वाटलं सगळं चुकलं आपलं. तो नाचतोय. आपण भलत्यालाच पुरून आलो. तिला काका दिसला अंगणात, काठी डोक्यावर फिरवत नाचताना. मग मागची बाई म्हणाली, "सरका की पुढं," आणि ती भानावर आली.

"काय देऊ आपा? चिकन-भात? सॉस पांढरा, तिखट, दोन्ही?"

तिनं नुसती मान हलवली. डबी घेऊन ती बाजूच्या कठड्यावर बसली. काकाच्या गाडीवरचं तिनं कधी खाल्लंच नव्हतं. तो म्हणायचा, ताई, ते घाईतल्या लोकांचं स्वस्तातलं खाणं, तू घरी ये, तुला मी बसून करून घालतो. आणि तिनंच वाढवलेला ना तो, आई लवकर गेली, तर तिला पण वाटायचं की रस्त्यावर उभं राहून काय खायचं. पिवळा भात, तव्यावर चिरचिर कापलेलं चिकन, वर तो सॉस. एक घास घेतला. मग दुसरा. तीन दिवस तिच्या पोटात धड काही गेलं नव्हतं. डोळ्यातनं पाणी येईस्तोवर तिखट होतं, आणि तिनं डबी चाटून पुसून संपवली. इतकं चांगलं लागलं की तिला स्वतःचीच लाज वाटली.

मग ती खिडकीशी गेली आणि हळूच म्हणाली, "मी सबरीची बहीण. कुठल्या लग्नाला गेलाय माझा भाऊ?"

त्या माणसाच्या हातातला झारा तसाच राहिला. "आपा, मी अतिकुर. सकाळची ती कॉफीची गाडी माझी, त्या पलीकडं. मेला म्हणून सांगितलं असतं तर संध्याकाळीच कुणीतरी गाडी लावली असती इथं. म्हणून रात्री गाड्या ठेवतो त्या गॅरेजवाल्याकडून चावी घेतली. जनाज्याला आलो होतो मी, पण तिथं धंद्याची गोष्ट काढायची कशी? जीभच उचलली नाही. माझा हात तिखट पडतो, माफ करा."

आत्याच्या शिव्या सगळ्या तोंडात तयार होत्या, त्या गिळाव्या लागल्या.

तेवढ्यात अतिकुर पुटपुटला, "आपा, तो बघा. कालपासून तिसरी चक्कर. ब्रुकलिनचा आहे, नवी गाडी घेतलीय, जागा शोधतोय."

कातडी जाकीटवाला माणूस जवळ आला. आत्याला बघूनच ओळखलं असणार, कारण सरळ आपल्या मिसरी अरबीत म्हणाला, "सलाम मावशी. आपल्याकडच्याच दिसता. हा सबरी म्हणून आहे त्याची गाडी ना? कानावर आलं, वारला म्हणून."

अतिकुरला शब्द कळले नाहीत, पण नाव कळलं. तो आत्याकडं बघत राहिला.

"तुझ्या तोंडात माती!" आत्या कडाडली. "माझा भाऊ आहे तो. गावाला लग्नाला गेलाय. सोमवारी इथं गाडी लागलेली बघ तू."

"रागावू नका मावशी. पण तुमच्या अंगावर काळं..."

मिसरी माणसाला काळं कळतंच. "माझा नवरा गेला," आत्या म्हणाली. "झगलूल. परवा."

त्या माणसानं छातीवर हात ठेवला. "त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो, मावशी. चांगला होता का माणूस?"

"होता बिचारा," आत्या म्हणाली, आणि खरंच रडायला लागली. इतकी रडली की तो माणूस घाबरून पाण्याची बाटली घेऊन आला. मग हात जोडल्यासारखं करत निघून गेला, आणि परत फिरकला नाही.

आत्या घरी आली तेव्हा झगलूलकाका ट्रे घेऊन दारातच उभा. "काय झालं? भांडलीस?"

"नाही. तुला मारून आले."

सगळं सांगितल्यावर बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. जिवंत माणसाला असं तोंडानं मारायचं म्हणजे केवढा अपशकुन! उम्म शरीफ तर कानाला हात लावत बसली. झगलूलकाका खुर्चीत बसला आणि म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा तुझ्या उपयोगी पडलो बघ. माझ्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मटण चांगलं आण."

इनासकाकू हसली नाही. ती आत्याच्या जवळ सरकली. "आणि तो लग्नात... काय घातलं होतं त्यानं?"

आत्यानं तिच्याकडं बघितलं. "निळा झब्बा."

"इस्त्री केलेला?"

"कुठली इस्त्री. तसाच चुरगळलेला."

"चुरगळलेलाच घालणार," इनासकाकू म्हणाली. "मी बरोबर नसले की असंच करतो तो."