कौसाबाईंचा थेंब

कौसाबाईंना कात्री काही नवी नव्हती! उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात त्या दिवसभर कात्रीनं धागे तोडायच्या. पण डोळ्याला कात्री? नुसतं नाव काढलं तरी त्या डोळे गच्च मिटून घ्यायच्या.

आणि नेमका त्यांच्याच डोळ्यात, पांढऱ्यावर, मोहरीएवढा मांसाचा दाणा उगवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधी गाठ आहे, घाबरू नका. महिनाभर रोज चार वेळा हे थेंब घाला, बाटली फ्रिजमध्ये ठेवा. गाठ कमी झाली तर ठीक, नाहीतर ऑपरेशन."

घरचा फ्रिज बंद, म्हणून बाटली कारखान्याच्या फ्रिजमध्ये गेली. तिथंच घोटाळा झाला. कारखान्यात डबा उघडला की भाजी आधी चौघांत फिरवायची, अशी रीत. कौसाबाईंनी बाटली काढली, तर कटिंग मास्तर महेंद्र डोळे चोळत हजर. "मावशी, धुळीनं डोळ्यांची पार वाट लागलीय. एक थेंब टाका ना!"

आता नाही कसं म्हणायचं? महेंद्रमागे शिलाईवाले आले, शिलाईवाल्यांमागे इस्त्रीवाला. सगळे माना वर करून रांगेत! "एकदम थंडा वाटतंय हां मावशी!" कौसाबाई खूश. बाटली आठवड्यात संपली. औषध संपलं म्हणजे कोर्स संपला, असं त्यांनीच ठरवून टाकलं.

महिन्यानं डॉक्टरीणबाई भिंगातून बघतात, तर दाणा जसाच्या तसा. "थेंब घातलेत ना?"

"घातले की! चार वेळा, न चुकता."

"मग आता ऑपरेशनच."

कौसाबाईंनी डोळ्यावर हातच ठेवला. "अहो नको! घातले, पण... दुसऱ्यांना."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"आणि तुम्हाला?"

"उरला तर."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. असलं औषध वाटतात का म्हणून चांगलं फैलावर घेतलं आणि एक महिना आणखी दिला. शेवटचा.

दुसऱ्या दिवशी नवी बाटली निघताच महेंद्र सवयीनं मान वर करून उभा. कौसाबाई म्हणाल्या, "बाजूला हो रे. माझं औषध आहे." मग सगळ्यांसमोर त्यांनी मान वर केली आणि बाटली स्वतःच्या डोळ्यावर धरली. चार माणसं ताटकळत असताना आधी स्वतःला वाढून घ्यायची ही त्यांची जन्मातली पहिलीच वेळ होती; मेला पहिला थेंब गालावरच पडला, तरी त्यांनी लगेच दुसरा घातला.