एका गाण्याची पार्टी

ट्रॉम्बे कोळीवाड्यातली कमळ मानखुर्दच्या बाजारात म्हावरं विकायची आणि हळदीला गायची. तिचा धाकटा दीर हरेश्वर बेंजो वाजवायचा. चौऱ्याऐंशी साली त्याने पार्टी जमवून कॅसेट काढली आणि तिच्यातलं पहिलंच गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. त्या गणपतीत घाटकोपर म्हणू नका, मुलुंड म्हणू नका, मंडपामंडपात कमळचा आवाज. हरेश्वरने मासेमारीला दर्यावर जाणं सोडलं, केस वाढवले, चकचकीत शर्ट शिवले.

पण गाण्याच्या शेवटी एक लांबलचक, उंच हाक होती. रेकॉर्डिंगला ती सहज निघाली होती. आता प्रत्येक कार्यक्रमाआधी कमळ ती मनातल्या मनात लावून बघायची. आज लागेल ना? लोकांना दुसरं काही नकोच असायचं. दुसरी कॅसेट तर कुणी ऐकलीच नाही. तेच गाणं पुन्हापुन्हा गाऊन घसा बसायला लागला. डॉक्टर म्हणाले, काही दिवस अजिबात गायचं नाही. तिने घरी सांगितलंच नाही. सगळ्या वाजवणाऱ्यांच्या चुली आता तिच्या गळ्यावर पेटत होत्या.

मुलुंडच्या कार्यक्रमात तिने हरेश्वरला विंगेत गाठलं.

"हरेश, आज नाय जमायचं रे."

"वयनी, एकदाच! हॉल फुल्ल आहे."

ती गेली. हाकेची जागा आली आणि गळ्यातून नुसती हवा निघाली. मग शिट्ट्या. "त्यापेक्षा कॅसेट लावा रे!" कुणीतरी ओरडलं. हरेश्वर मान खाली घालून वाजवत राहिला.

पुढे त्याने वाकोल्याची नीला आणली. पोरगी सुरेल, पण लोक म्हणत, "ही ती नाय." बोलावणी आटली. ढोलकीवाला अनंता दुसऱ्या ऑर्केस्ट्रात गेला आणि पार्टी मोडली.

हरेश्वर पुन्हा दर्यावर निघाला तेव्हा कमळच्या जिवात जीव नव्हता. तिचा नवरा चंदर असाच गेला होता, तो आलाच नाही. त्यात याची सवय मोडलेली, वाराही फिरलेला. सगळ्यांच्या होड्या लागल्या, याची दिसेना. ती चिखलातून पाण्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

अंधारून येताना तो आला. दोरीने तळवे सोलले होते. ती घरी हळद लावायला बसली.

"घशाचं मला बोलली का नाय?"

"तू ऐकलं असतंस?"

तो म्हणाला, "पहाटे परत जायचंय."

कमळने हळद लावायला त्याचा दुसरा हात ओढून घेतला.