तिसरं धुराडं

पाताळराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण ज्याची उभी हयात इंजिन शेडमध्ये, रुळांमधल्या खड्ड्यात, इंजिनाच्या पोटाखाली गेली, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? वाफेचं इंजिन थकूनभागून शेडमध्ये यायचं. त्याची आग काढून टाकायचे, ते निवलं की तिसऱ्या खड्ड्यावर उभं करायचे आणि मग पाताळराव दिवा न् पाना घेऊन पायऱ्या उतरून खाली. ब्रेकचे दांडे, स्प्रिंगा, पिना, सगळा कारभार तळातला. वर आले की डोळे किलकिले करून असे बघायचे, की सूर्य ही कुणीतरी आजच आणून टांगलेली वस्तू आहे.

स्वभावाने गरीब, पण कामात भारी चिवट. अडकलेली पिन निघेपर्यंत या माणसाला घर नाही की दार नाही. त्यामुळे परतायची वेळ अशी ठरलेली कधीच नव्हती. तरी एक गोष्ट ते चारचौघांत मिरवायचे. "मी कधीही घरी जावं, भात आत्ता उतरवलेला असतो. याला नशीब लागतं!"

"नशीब नाही, बायको लागते," मित्र म्हणायचे.

पाताळराव हसायचे. हे जमतं कसं, ते बायकोला विचारावं असं मात्र त्यांच्या मनात कधी आलं नाही. गरम भात समोर असताना चौकशा कोण करतो?

त्यांचं क्वार्टर शेडच्या मागच्या चढावर होतं. बायकोची एकच इच्छा होती. "एकदा मला आत न्या की. दिवसभर काय करता ते बघू तरी." यावर पाताळरावांचं उत्तर ठरलेलं: "नेतो की." मुलगी रांगत होती तेव्हाही नेतो की, आणि मुलगी कॉलेजात जायला लागली तेव्हाही नेतो की.

मग डिझेलची इंजिनं आली आणि शेड बंद करायचा हुकूम निघाला. शेवटच्या दिवशी घरच्या मंडळींना आत यायची मुभा होती. पाताळराव बायकोला म्हणाले, "फाटकापाशी ये, मी येतो घ्यायला." बायको ठेवणीतले कपडे घालून, मुलीला बरोबर घेऊन फाटकावर उभी राहिली. आपला माणूस न्यायला आल्याशिवाय पहारेकरी कुणाला आत सोडत नव्हता. आणि आपला माणूस कुठे होता? शेवटच्या इंजिनाखाली. एक पिन अडकली होती. ते इंजिन दुसऱ्या दिवशी भंगारात जायचं होतं, पुन्हा एक हातभरही चालणार नव्हतं. पण काम अर्धवट टाकतील तर ते पाताळराव कसले! पिन निघाली, नवी बसली, आणि मग त्यांना फाटक आठवलं. तोवर इतरांची पोरं नाकाला काजळी लावून, खिदळत घरी गेली होती. फाटकावर कुणीही नव्हतं.

त्या दिवशी घरी भात गार होता. ताट वाढून बायको एवढंच म्हणाली, "तुमची शेड तुम्हाला लखलाभ." पाताळरावांनी गार भात मुकाट्याने खाल्ला. आपल्याला झालेली शिक्षा योग्यच आहे, असं त्यांना वाटलं. पुढे शेड पाडली, पत्रे न् लोखंड विकून टाकलं आणि घरात तो विषय कायमचा मिटला.

मिटला खरा, पण पाताळरावांच्या पोटात तो राहिलाच. नोकरीची उरलेली वर्षं त्यांनी गोदामात, खिडकीजवळच्या टेबलावर, उजेडात बसून काढली. निवृत्त झाले, स्वतःचं छोटं घर झालं, मुलगी सासरी गेली, मागची खोली रिकामी झाली. एके सकाळी त्यांनी माळ्यावरचं जुनं दार खाली काढलं, त्याला उंच पाय ठोकले आणि त्यावर छोटी शेड बांधायला घेतली.

बायकोने उंबऱ्याबाहेरून बघितलं. "गेली गेली म्हणत होते, तर सवत पुन्हा घरात आली! मी नाही बाई त्या खोलीत पाऊल ठेवणार."

ती शब्दाची पक्की. झाडू दाराशी ठेवायची, चहाचा कप उंबऱ्यावर ठेवायची, पण पाऊल आत नाही. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, बघ तरी बाबांनी काय केलंय."

"एकदा गेले होते बघायला. फाटक फार छान होतं, पाय दुखेपर्यंत बघितलं."

पाताळराव पलीकडच्या खोलीत हे ऐकायचे. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. तिने एकदा आत यावं, बघावं, मग बरंवाईट काय ते बोलावं. पण बोलवायला तोंड कुठे होतं? 'नेतो की' हे दोन शब्द त्यांनी वापरून वापरून पार झिजवून टाकले होते.

म्हणून ते नुसतेच काम करत राहिले. छत्रीच्या काड्यांचे नळ झाले. चहाची गाळणी एकाएकी नाहीशी झाली आणि कोळशाच्या ढिगावर जाळी म्हणून उगवली. पुठ्ठ्यावर विटा कोरल्या. तिसरा खड्डा तर बघत राहावा असा: पायऱ्या, पाणी जायची चर, दिवा ठेवायचा कोनाडा, त्या कोनाड्यावर धुराचा डागसुद्धा. इंजिन तेवढं दुकानातून आणलं. दुकानदाराने त्यात एक नळी बसवून दिली. दोन थेंब तेल घालून बटण दाबलं की खरोखरीचा धूर. टेबल त्यांनी मुद्दाम छातीइतकं उंच केलं होतं. त्यांच्या मते इंजिन हे खालूनच बघायचं असतं, वरून काय कुणीही बघेल.

आणि घोडं अडलं ते नेमकं वरच. छपरावर. इतकी वर्षं त्या छपराखाली काढली, पण ते दिसतं कसं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. प्रत्येक खड्ड्याच्या वर धूर जायला एकेक धुराडं होतं, चार खड्डे, चार धुराडी, एवढं माहीत. पुढे अंधार. सगळ्यांचा मिळून काढलेला एक फोटो होता, त्यात माणसंच माणसं आणि मागे भिंत. शेवटी जुन्या दोस्ताला, निवृत्त ड्रायव्हरला विचारलं.

"छपराकडे बघत बसलो असतो तर इंजिन भिंतीत घातलं असतं," ड्रायव्हर म्हणाला. "लाव चार धुराडी एका रांगेत. कोण येतंय तपासायला?"

पाताळरावांनी तसं केलं. पत्र्याला करडा रंग दिला, चारही धुराडी ओळीत चिकटवली आणि छप्पर वाळायला अंगणातल्या कट्ट्यावर ठेवलं. दुपारी बघतात तर तिसरं धुराडं जागेवरून सरकलेलं आणि वाकडं! शेजारच्या मांजराची कट्ट्यावर नेहमीच ये-जा असायची. त्यांनी मांजराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि धुराडं सरळ करून पुन्हा चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसरंच धुराडं, तितकंच सरकलेलं, त्याच बाजूला वाकलेलं. बाकी तिघांना धक्का नाही.

"एवढं मोजूनमापून काम करणारं मांजर मी पाहिलं नाही," पाताळराव बायकोला म्हणाले. बायको कपडे वाळत घालत होती. तिने ओला टॉवेल जरा जोरातच झटकला.

तिसऱ्या दिवशी धुराडं चिकटवून ते आत गेल्यासारखं करून खिडकीशी उभे राहिले. थोड्या वेळाने बायको आली. पदराला हात पुसले, इकडेतिकडे बघितलं, वाकली आणि ओल्या डिंकावरचं धुराडं अंगठ्याने हळूच सरकवून डावीकडे कलतं केलं. मग दोन पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून बघितलं आणि पुन्हा किंचित कलवलं.

"अगं!" पाताळराव बाहेर आले.

बायको दचकली, पण क्षणभरच. "मांजराला बिचाऱ्याला उगाच शिव्या देता. मी केलंय. ते तिसरं धुराडं असंच होतं. मुलगी चालायला लागली त्या वर्षी वादळ झालं होतं ना, त्यात कललं. नंतर कुणी नीट केलंच नाही. तुमच्यापैकी कुणी वर बघेल तर ना!"

"तुला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला? स्वयंपाकघराच्या खिडकीतून दुसरं दिसत काय होतं? तुमचं छप्परच." ती अंगठ्याचा डिंक खरवडत म्हणाली, "इंजिन तुमच्या खड्ड्यावर असलं की तिसऱ्या धुराड्यातून धूर नाही. तुमचं काम उरकलं की इंजिनात आग घालायचे. मग पहिला काळाकुट्ट धूर निघायचा. तो दिसला की मी भात टाकायची. हात धुवायलाच तुम्हाला भात शिजण्याइतका वेळ लागायचा."

पाताळराव कट्ट्यावर बसले. आपण आयुष्यभर ज्याला नशीब म्हणत होतो, ते चढावरच्या खिडकीत उभं होतं. दिवसातून किती वेळा ती त्या खिडकीशी आली असेल? आणि आपण तिला एकदा, एकदाच, फाटकातून आत आणू शकलो नाही. त्यांना मनापासून लाज वाटली.

ते म्हणाले, "त्या शेवटच्या दिवशी भात गार होता."

"मग? त्या इंजिनात आग घातलीच नाही कुणी. धूरच नाही, तर मी कशावरून टाकणार? सकाळचा होता तो वाढला."

"मला वाटलं, तू रागावलीस म्हणून."

"रागावले होतेच की! राग वेगळा, भात वेगळा. भुकेल्या माणसाला रागाने गार भात मी कधी वाढला नाही."

पाताळरावांनी ते कलतं धुराडं दोन बोटांनी धरून ठेवलं, डिंक घट्ट होईपर्यंत. बायको उरलेले कपडे वाळत घालायला गेली. जाता जाता म्हणाली, "आणि कडेचा एक पत्रा गंजून तांबडा झाला होता. तोही रंगवा."

तो पत्रा तांबडा झाला. छप्पर शेडवर चढलं. त्या संध्याकाळी पाताळराव स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "उद्या दुपारी शेड बघायला ये. मी दाराशी असेन."

'नेतो की' म्हणाले नाहीत. बायकोही हो म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर पाताळरावांनी साबण लावून हात धुतले आणि मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. मुलीचा फोन आला, त्यांनी वाजू दिला. इंजिनाचं एक चाक किंचित तिरकं दिसत होतं. एरवी ते आत धावले असते. ते हलले नाहीत. आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. येत नाही वाटतं, असं त्यांच्या मनात आलं. तरी उभे राहिले.

मग ती आली. स्वयंपाकघरापासून मागची खोली ती केवढी लांब! पण तेवढं चालायला तिने ठेवणीतले कपडे घातले होते, केस नीट बांधले होते. उंबऱ्याशी ती थांबली. पाताळरावांनी हात पुढे केला आणि तिला आत घेऊन गेले.

आधी तिला त्यांनी स्टुलावर उभं केलं, म्हणजे छप्पर वरून दिसेल, खिडकीतून दिसायचं तसं. तिने मान डोलावली. मग त्यांनी छप्पर उचलून बाजूला ठेवलं आणि ती खाली उतरून, वाकून खड्ड्यात डोकावली. पायऱ्या बघितल्या, कोनाडा बघितला, वरचं इंजिनाचं काळं पोट बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिली.

"इथे?" ती म्हणाली. "एवढ्याशा जागेत? अंधारात?"

"दिवा असायचा."

"तरी." तिने त्यांच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. ती जागा आजच त्यांच्या पाठीला टोचत असावी, असा. "कधी बोलला नाहीत."

"तू तरी कुठे बोललीस, धुराचं?"

दोघंही हसली. मग बायकोने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, संध्याकाळचा भात आज लवकरच टाकते."

"अगं थांब! धूर दाखवायचाच राहिला. छप्पर परत ठेवून बटण दाबलं की तिसऱ्या धुराड्यातून खराखुरा निघतो," म्हणत पाताळराव तेलाची बाटली शोधायला लागले.

"राहू द्या हो," बायको म्हणाली. "माणूस समोर उभा आहे, आता धूर कशाला बघायचा?"