राखेतली कोचई

आमच्या बचत गटाची कोचईच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, पिठाची पाकिटं आता लाखनीच्या दुकानांत दिसतात. लोक कौतुक करतात. मला ते पाकीट हातात धरवत नाही.

पहिली मोठी मागणी आली तेव्हा गटात सगळ्यात जास्त तोरा माझा. कंद सोलायचे, चकत्या वाळवायच्या, दळून आणायच्या, हे मीच शिकून आले होते. ऐन वेळी माल कमी पडला. उन्हाळ्यात बाजारात कोचई कुठली? घरात होती. सासूबाईंनी चुलीजवळ राखेच्या टोपलीत लावणीसाठी जपलेली. त्यांनी लग्नात करडीहून, आपल्या माहेराहून आणलेलं बियाणं. माहेरी ते कधीच संपलं होतं. दरवर्षी न्हाणीच्या सांडपाण्यावर लावायच्या आणि महालक्ष्म्यांना वड्या त्याच पानांच्या व्हायच्या.

त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्या होत्या. मी टोपली रिकामी केली. बियाणं काय, कुठूनही आणता येईल, म्हणत सगळं सोललं. अकलेचे तारे तोडले, दुसरं काय.

दोन दिवसांनी त्या आल्या. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं आधीच कमी दिसायचं. चाचपडत चुलीपाशी गेल्या, टोपलीत कोपरापर्यंत हात घातला, राख खालीवर केली.

"काहून वं, बियाची कोचई कुठी गेली?"

"उंदरानं खाल्ली असन, आई."

त्यांनी माझा हात ओढून घेतला. कच्ची कोचई सोलून हात सुजले होते, खाज थांबत नव्हती. त्यांनी एकेक बोट चाचपून पाहिलं. मग चिंच भिजवायला लावली आणि माझ्या हातांना चोळत बसल्या.

"उकडून सोलायची ना वं. किती आग करून घेतली हाताची."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. 

त्या वर्षी महालक्ष्म्यांना पानं विकत आणली. वडी तोंडात टाकताच नणंद म्हणाली, "आई, हे आपल्या घरची पानं नाईत ना?"

 सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बी उंदरानं खाल्लं बाई. सुनेनं लय जपलं होतं."

पुढल्या महालक्ष्म्यांना त्या नव्हत्या. टोपलीतली राख मी अजून टाकलेली नाही. उन्हाळा लागला की तिच्यात हात घालून बघते, एखादा कंद राहिला असेल म्हणून.