बासरीला दोन गुण

गेल्या दोन वर्षांत माझ्या मित्राचे कान गेले. पूर्ण गेले नाहीत, फक्त वरचे सूर ऐकू येईनासे झाले. बासरी, व्हायोलिन, घुंगरू, लहान घंटी. हे सगळ्यांत आधी मला कळायला हवे होते, कारण त्याचा पुरावा माझ्याच वहीत होता. मला कळले नाही. उलट मी त्याच्याशी भांडत राहिलो.

तो सौंसरला सरकारी शाळेत शिकवतो. मी पांढुर्ण्याला जलसंसाधन खात्यात आहे. तलावांची पातळी रोज वाचायची आणि लिहायची, हे माझे काम. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहत होतो आणि तेव्हापासून दोघांनाही सिनेमाच्या पार्श्वसंगीताचा नाद आहे. गाण्यांचा नाही, गाण्यांच्या मधल्या संगीताचा. माझी बायको म्हणते, ज्यात कोणी गातच नाही ते ऐकायला हे लोक बसने जातात.

हल्ली अशा संगीताच्या तबकड्या पुन्हा निघू लागल्या आहेत. आम्ही दोघे आळीपाळीने मागवतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, ज्याने मागवली असेल तो तबकडी घेऊन दुसऱ्याच्या घरी जातो. ऐकताना बोलायचे नाही. प्रत्येक तुकड्याला दहापैकी गुण द्यायचे, आपापल्या कागदावर, आणि शेवटी कागद बदलायचे. गुणांत तिनापेक्षा जास्त फरक पडला, तर ज्याचे गुण कमी त्याने तोंडी कारण द्यायचे. हा नियम त्याचा, उत्तरपत्रिका दुसऱ्यांदा तपासतात त्यावरून घेतलेला. दोघांचे गुण वहीत उतरवणे माझ्याकडे.

खरी मजा कारणे देण्यात होती. एका युद्धपटाच्या तबकडीला त्याने सरसकट तीन दिले आणि म्हणाला, "हा माणूस ढोल वाजवल्याबिगर हिरोले दारबी उघडू देत नाई." मी एका तुकड्याला साडेसहा दिले तेव्हा म्हणाला, "अर्धा कशाचा बे? संगीत ऐकून राहिला का तलाव मोजून राहिला?" मी म्हणालो, शेवटची चाळीस सेकंदं उगाच आहेत, त्यांचा अर्धा कापला. तो इतका हसला की वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

मग एका रविवारी मी एक तबकडी सौंसरला नेली. डोंगरातल्या एका गावाची गोष्ट होती. तिसऱ्या तुकड्यात सुरुवातीला हलके तंतुवाद्य आणि मग एकटी बासरी. मी नऊ दिले होते. त्याने दोन.

"कारण सांग," मी म्हणालो.

"कारण काय सांगू? त्याच्यात काही होतच नाई. नुसता बसला आहे तो तुकडा."

"बासरी आहे न."

"असंन. कमजोर आहे."

मला राग आला. दोन म्हणजे नापासाहून वाईट. मी त्याला म्हणालो की तू आता लक्ष देत नाहीस, शाळेतून थकून येतोस आणि कसेही गुण टाकतोस. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. जिथे व्हायोलिन वर चढते तिथे त्याचे तीन, जिथे ढोल आणि चेलो तिथे माझ्याइतकेच किंवा जास्त. मी वहीत फरकाचा वेगळा रकाना पाडला. त्यावरून मी निष्कर्ष काढला की त्याची आवड बदलली आहे, भडक झाली आहे, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितले.

"बदलली तं बदलली," तो म्हणाला. "तू काय माह्या आवडीचा इन्स्पेक्टर आहे?"

नंतर मला सुईची शंका आली. त्याच्या प्लेअरची सुई झिजली असेल तर वरचे सूर मरतात. मी नवी सुई घेऊन गेलो, स्वतः बसवली, तीच तबकडी पुन्हा लावली. मला फरक ऐकू आला. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "हो, जरा साफ वाटून राहिलं." आणि गुण तेच टाकले. पांढुर्ण्याला माझ्या घरी, माझ्या प्लेअरवरही त्याचे गुण असेच पडत होते, हे वहीत लिहिलेले होते. ते पान मी उलटून पाहिले नाही.

शेवटी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुम्हीच सांगून पाहा यायले. टीव्ही इतका मोठा लावते की गल्लीत ऐकू जाते. दाराची घंटी वाजली तं उठत नाई. मी म्हटलं नागपूरले दाखवून या, तं म्हणते, माहे कान चांगले आहे, महिन्याच्या महिन्याले तपासून राहिलो आम्ही दोघं."

फोन ठेवून मी वही काढली. ज्या तुकड्यांत उंच सूर होते ते एकीकडे लिहिले, खालच्या सुरांचे दुसरीकडे. दहा मिनिटांचे काम होते. खालच्या सुरांत दोन वर्षांत काही फरक नव्हता. वरच्यांत सात, मग सहा, मग चार, मग दोन. तलावाची पातळी अशी उतरली असती तर मी तिसऱ्या आठवड्यातच वर कळवले असते.

नागपूरला आम्ही बसने बरोबर गेलो. डॉक्टरांनी त्याला खोलीत बसवून कानांची तपासणी केली आणि कागद समोर ठेवला. रेघ डावीकडे, खालच्या सुरांत, वर होती; उजवीकडे, उंच सुरांत, खाली कोसळली होती. मला ती ओळखीची वाटली. मी विचारले, आधी आणले असते तर? डॉक्टर म्हणाले, गेलेले परत येत नाही, आधीही आले नसते. कानात घालायच्या यंत्राने बोलणे समजेल, संगीताचा भरवसा नाही. हे ऐकून मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. वाटले नाही. आधी आणले असते तर निदान ते सात-आठ रविवार मी त्याला कारणे विचारली नसती.

यंत्र घेतले. बोलणे कळते. संगीत मात्र, तो म्हणाला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखे येते. म्हणून ऐकताना तो ते काढून ठेवतो.

मला वाटले, आता रविवार बंद होतील. पण पाळी त्याची होती आणि तो ठरल्याप्रमाणे नवी तबकडी घेऊन पांढुर्ण्याला आला. आम्ही ऐकली, कागद बदलले. सहापैकी चार तुकड्यांना त्याने गुण दिले होते. उरलेल्या दोहोंसमोर त्याने काही लिहिले नव्हते.

"पाचव्यात काय आहे?" त्याने यंत्र कानात घालत विचारले.

"बासरी आहे. एक मिनिट वीस सेकंदांनी सुरू होते, साधारण पन्नास सेकंद चालते. मागे..."

"वेळ नको सांगू बे. कशी आहे ते सांग."

मी विचार केला. बायको चहा ठेवून गेली. मी पुन्हा लावली, ऐकली, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बासरी चांगली होती, खूप चांगली. ती कशी होती हे सांगायला माझ्याजवळ एकही शब्द नव्हता. इतकी वर्षे मी फक्त गुण देत आलो होतो.

"चांगली आहे," मी म्हणालो.

"म्हणजे किती?"

"नऊ."

त्याने स्वतःचा कागद ओढून घेतला, पाचव्या तुकड्यासमोर नऊ लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. ते नऊ त्याच्या रकान्यात उतरवायचे की नाही, हे मी त्याला विचारले नाही. तो सुई उचलून सहाव्या तुकड्यावर ठेवत होता.

"हाबी सांग," तो म्हणाला. "पण वाजत असतानाच सांग."