तांबेबाईंच्या दहा गोळ्या

राही तांबे यांना चांदमारीवर कुणी मॅडम म्हणत नाही. बाई म्हणतात. वय चौसष्ट, उंची बेताची, आवाज मात्र तीनशे मीटरवर फोनशिवाय पोचेल असा. कॉलेजात असताना एनसीसीच्या छोट्या रायफलीवर हात बसला, पुढे राज्य स्पर्धेत दोनदा पदक मिळालं, आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी करताना त्यांनी एकही रविवार घरकामाला दिला नाही. लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्याला त्या ‘वेळ झाला नाही’ असं सांगतात. लोकांना वाटतं, टाळतायत. टाळत नाहीत, खरंच वेळ झाला नाही.

रत्नागिरीबाहेर सड्यावर, कातळाच्या माळावर, ही जुनी चांदमारी आहे. एका टोकाला पत्र्याची शेड, तिथून पालथं पडून गोळी मारायची. दुसऱ्या टोकाला जांभ्यात खणलेला पुरुषभर खोल खंदक आणि त्यामागे मातीचा उंच बांध. मध्ये तीनशे मीटर वाळलेलं गवत आणि कातळ. रायफल क्लबला ही जागा महिन्यातून दोन रविवार मिळते. परवानगी क्लबच्या नावावर नाही, प्रशिक्षकाच्या नावावर आहे, म्हणजे बाईंच्या. बाई नाहीत तर रविवार नाही, हे क्लबचा सेक्रेटरी प्रमोद पुरता ओळखून होता.

नवशिके येतात ते रायफल हातात घ्यायला उतावीळ होऊन. बाई त्यांना पहिले दोन रविवार तिच्याजवळ फिरकूसुद्धा देत नाहीत, सरळ खंदकात उतरवतात. वर लाकडी चौकटीत पांढऱ्या कागदाचं टार्गेट, त्यावर काळा गोल, मधोमध दहा गुण आणि बाहेर जाल तसे कमी; खाली माणूस. गोळी आरपार गेली की चौकट खाली ओढायची, भोक शोधायचं, त्यावर चकती चिकटवायची, काळ्यावर काळी आणि पांढऱ्यावर पांढरी, मग चौकट वर ढकलून लांब काठीच्या तबकडीने भोक कुठे पडलं ते दाखवायचं. एवढ्या लांबून मारणाऱ्याला स्वतःचं भोक दिसत नाही, क्लबच्या दुर्बिणीतूनही नाही. खंदकातला माणूस दाखवेल ते खरं धरायचं आणि त्याला उलट विचारायचं नाही. दीक्षा सतरा वर्षांची असताना मालगुंडाहून आली, तेव्हा बाईंनी तिला दोन नाही, चार रविवार खंदकात ठेवलं होतं. पोरगी नेमाची चांगली होती, पण नको तिथे दया दाखवायची. मैत्रिणीचा सहा असला की सात दाखवायची. बाईंनी ती खोड मोडली. निदान त्यांना तसं वाटलं. आता दीक्षा सव्वीस वर्षांची, शाळेत क्रीडाशिक्षिका, आणि बाईंच्या मागे वर्ग तीच घेणार हे ठरल्यासारखंच होतं.

तिसऱ्या रविवारी वारा शिकवायचा. पहाटेपासून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो, म्हणजे शेडमध्ये पडलेल्या माणसाच्या उजव्या हाताकडून. ऊन चढलं की तो पडतो आणि डावीकडून, समुद्रावरून, खारा सुरू होतो. वाऱ्याने गोळी वीतभर बाजूला जाते, म्हणून ज्या बाजूने वारा त्या बाजूला साइटचे, म्हणजे नेम धरायच्या भागाच्या स्क्रूचे, क्लिक फिरवायचे, की गोळी तेवढी तिकडे सरकते. बाजू चुकली तर वीतभराची दोन विती होतात. वारा बघण्यासाठी मैदानात तीन निशाणं लावलेली. पहिलं शेडच्या आडोशाला, त्यामुळे ते बहुधा मेल्यासारखं लोंबत असतं. खरं सांगतात ती लांबची दोन.

त्याच रविवारी बाई सगळ्या बॅचसमोर आधी स्वतः दहा गोळ्या मारतात. शंभरांपैकी ऐंशीच्या खाली आल्या तर त्याच दिवसापासून शिकवणं बंद, असं त्यांनी स्वतःच ठरवून जाहीर केलं होतं. त्यांच्या गुरुजींचे हात थरथरायला लागल्यावरही ते सहा वर्षं शिकवत राहिले. पोरं पाठीमागे हसायची. राहीही हसली होती, आणि ते तिला पुढे कधी विसरता आलं नाही.

मग गेल्या वर्षी मोतीबिंदू आले, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी तारीख दिली, बाईंनी ती दर वेळी चालू बॅच संपेपर्यंत पुढे ढकलली आणि कुणालाही सांगितलं नाही. हा त्यांचा दोष, तो इथेच सांगून टाकलेला बरा. लांबची निशाणं दिसेनात, तेव्हा त्या घड्याळाकडे बघू लागल्या. साडेआठच्या आत मतलई, दहानंतर खारा. तीस वर्षं हेच बघितलेलं, मग रोज काय बघायचं? पण दीक्षाला कळायचं ते कळलं. बांधावर गोळीबाराचा तांबडा बावटा चढलेला असताना बाईंनी एकदा ‘अजून लावला नाही का?’ असं विचारलं होतं. तिने ते प्रमोदच्या कानावर घातलं. बाईंच्या कानावर घालायचं सोडून.

यंदाच्या फेब्रुवारीतल्या बॅचला सहा जण होते. त्यांतली सगुणा पावसची, आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात कामाला, वय अडतीस. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीवर तिने स्टॉलवाल्याचे सगळे फुगे फोडले आणि त्याने हात जोडले, तेव्हा भाच्याने तिला क्लबची जाहिरात दाखवली. नवरा म्हणाला, या वयात बंदूक कशाला. पोलीस चौकशीचे कागद तिने एकटीने पुरे केले. पहिल्या एसटीने यायची, कमी बोलायची, आणि खंदकात तिचं काम सगळ्यांत चोख असायचं.

त्या तिसऱ्या रविवारी प्रमोदने सहाही जणांना वरच थांबवलं. एरवी दोघं तरी दीक्षाबरोबर खंदकात असतात. पण तो म्हणाला, बाई मारताना सगळ्यांना बघू दे, असा योग पुन्हा यायचा नाही. बाईंना यात काही वावगं वाटलं नाही. उलट जरा बरंच वाटलं.

साडेसातला बाई आडव्या झाल्या. शेडमध्ये वारा लागत नव्हता, पहिलं निशाण लोंबत होतं. त्यांनी मतलईचे म्हणून क्लिक उजवीकडे फिरवले, ते का फिरवले हे मुलांना समजावून सांगितलं, आणि दहा गोळ्या मारल्या. लांबची तबकडी त्यांना धूसर दिसत होती. प्रमोद दुर्बिणीतून बघून आकडे सांगत होता. नऊ, आठ, आठ, दहा. शेवटी शहाऐंशी झाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या, बाई गुडघे झाडत उठल्या आणि टाळ्या वाजवायला हे नाटक नाही म्हणाल्या.

मग त्याच रायफलीवर, त्याच क्लिकवर सगुणाला झोपवलं. पहिली गोळी उजवीकडे पांढऱ्यात गेली, तीन. दुसरीही तिथेच. पाचही उजवीकडे पांढऱ्यात.

बाई तापल्या. दचकतेस म्हणाल्या, ट्रिगर हळू दाबायच्या ऐवजी झटका देतेस, दोन रविवार काय शिकलीस. सगुणा पडल्या पडल्याच म्हणाली, “मी नाय दचकले, बाई. गोळी सुटली तवा काळा ठिपका बरोबर मधी व्हता.”

“रायफल तीच, क्लिक तेच. माझ्या दहा काळ्यात गेल्या. मग चुकायला उरलं कोण?”

 सगुणाने रायफल रिकामी करून दाखवली, जसं शिकवलं होतं तशी, आणि शेडच्या कडेला जाऊन बसली. बाकीच्यांपैकी एक पोरगा फुग्यांवरून काहीतरी बोलला आणि दोघं हसले. बाईंनी ऐकलं. गप्प केलं नाही.

नाश्त्याला सगळे थांबले. बाई पोह्यांची बशी घेऊन सगुणाजवळ गेल्या, अजून चार शब्द सुनवायला. तिला विचारलं, तबकडी पाच वेळा कुठे कुठे फिरली ते तरी पाहिलंस का? सगुणाने स्वतःचा तळहात पुढे केला. “पाची एवढ्यातच.”

बाईंचा घास तोंडात तसाच राहिला. दचकणाऱ्याच्या गोळ्या विखुरतात, एक वर, एक खाली, एक भलतीकडे. तळहाताएवढ्या जागेत पाच मारणारी बाई दचकत नसते. ती अचूक असते. चुकलेली असते ती साइट. हे त्यांनी शेकडो मुलांना फळ्यावर काढून दाखवलं होतं.

“सकाळी वारा कुठून होता गं?”

“समुद्राकडून. एसटीतून उतरले तवापासून.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“तुमी बाई. तुमाला कोन सांगनार?”

बशी तिथेच ठेवून बाई खंदकाकडे निघाल्या. वारा समुद्राकडचा आणि क्लिक उजवीकडे, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गोळ्याही तिथेच जायला हव्या होत्या जिथे सगुणाच्या गेल्या. मग शहाऐंशी आले कुठून? तीनशे मीटर चालताना त्यांनी या प्रश्नाची बरीच उत्तरं शोधली. जे उत्तर त्या टाळत होत्या ते खंदकात चकत्यांचा डबा आवरत बसलं होतं.

“माझा कागद दे.”

दीक्षा म्हणाली, कागद वाऱ्याने फाटला, टाकून दिला. नऊ वर्षांत तिने बाईंचा एकही कागद टाकलेला नव्हता. बाईंनी तिची पिशवी उचलली. गुंडाळी पिशवीखालीच होती.

हातभर अंतरावरचं बाईंना अजून स्वच्छ दिसतं. कागदावर चकत्या दहा. काळ्या तीन, त्याही काळ्याच्या काठाला. पांढऱ्या सात, सगळ्या उजवीकडे. दाखवलं काहीही असलं तरी चकत्या मात्र दीक्षाने भोकांवर बरोबर चिकटवल्या होत्या. हात शिकवल्यासारखे चालले होते. बाईंनी बोट ठेवून ठेवून बेरीज केली. एकोणचाळीस.

दीक्षा रडायला लागली. प्रमोद म्हणाला होता, बाई गेल्या तर परवानगी गेली, क्लब गेला, या सहा जणांचं काय. आणि तिला स्वतःलाही वाटलं होतं की बाई घरी बसल्या तर करतील काय.

“मला विचारलंस?”

“तुम्ही ऐकलं नसतंत.”

“सगुणाच्या गोळ्या खऱ्या दाखवल्यास, त्या का?”

दीक्षाने डोळे पुसले. तिला प्रश्नच कळला नसावा. “नवीन माणसाला खोटं कसं दाखवणार, बाई? तुम्हीच शिकवलंय.”

बाईंनी कागद पुन्हा गुंडाळला. मग एक गोष्ट सुचली, ती सुचली नसती तर बरं झालं असतं. “मागच्या वर्षीचे चौऱ्याऐंशी?”

“तेही खोटे,” दीक्षा म्हणाली. मागच्या वर्षीची सगळी बॅच, त्यात यादीतून खोडलेली, ओरडा खाल्लेली, पुन्हा न आलेली माणसं बाईंच्या डोळ्यांपुढून गेली. त्यांतली किती खरोखर चुकली होती आणि किती जणांचा बाईंनी बळी घेतला होता, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

वर शेडमध्ये आल्यावर बाईंनी कागद खिळ्याला टांगला. प्रमोद त्यांना बाजूला घेऊन काही सांगू बघत होता, आधी मुलांना जाऊ दे म्हणत होता. बाई त्याला ओलांडून पुढे गेल्या.

“हा माझा कागद. एकोणचाळीस. सकाळी तुम्हाला शहाऐंशी दाखवले ते खोटे. वारा मी उलटा सांगितला, कारण मला निशाणं दिसत नाहीत. सगुणा दचकली नव्हती. तिच्या जागी मी असते तर माझ्याशी मी बोलले नसते.”

 सगुणा कागदापाशी गेली, चकत्या जवळून बघितल्या. ती काही विसरून जाऊ द्या वगैरे म्हणाली नाही. “मंग आता आमाला शिकवनार कोन?” एवढंच विचारलं. बाईंकडे उत्तर एकच होतं, दीक्षा. ते त्यांच्या तोंडून निघेना.

त्यांनी परवानगीचं पत्र सोमवारी परत केलं. प्रमोद घरी येऊन गेला. म्हणाला, तुमच्यासाठीच केलं हो. बाईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. माझ्यासाठी करायचं होतं तर मला गाडीत घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतंस, म्हणाल्या, आणि दार लावलं.

परवानगी दीक्षाच्या नावावर व्हायला अडीच महिने गेले. दुसरं कुणी प्रशिक्षक जिल्ह्यात नव्हतंच. सहांपैकी दोघं परत आले, त्यांत सगुणा, ऐन कॅनिंगच्या हंगामात रविवारची पाळी बदलून घेऊन. आणि बाईही आल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, पण ऐंशीचा शब्द म्हणजे शब्द. वर्ग त्या पुन्हा घेणार नव्हत्या. दीक्षाला नमस्कार न करता, शेडमध्ये न थांबता, त्या गवतातून सरळ चालत गेल्या आणि खंदकात उतरल्या.

आता नियमाने आधी दीक्षाने बॅचसमोर दहा मारायच्या. पहिल्या चार चांगल्या गेल्या. पाचवी डावीकडे सातवर बसली. बाईंनी चकती चिकटवली, चौकट वर ढकलली, तबकडी सातवर धरली. वॉकीटॉकीवर दीक्षाचा आवाज आला.

“बाई, सात? नक्की?”

खंदकाला उलट विचारायचं नसतं. बाईंनी तबकडी खाली घेतली, पुन्हा वर नेली, त्याच जागी धरली आणि वॉकीटॉकी बंद केला.

तेव्हापासून हेच चाललं आहे. सगुणा ऐंशीच्या वर मारते. चहाच्या वेळी बाई आणि दीक्षा एकाच बाकावर बसतात, कारण बाक एकच आहे. वाऱ्याबद्दल बोलतात. दुसरं काही बोलत नाहीत.